मशीनची मुलाखत

नोकरीसाठी मी आजवर ज्या मुलाखती दिल्या, त्यातल्या एकाच मुलाखतीत मला तीळ उचलायला लावले होते. बाकी ठिकाणी लोकांनी मला माझे गुणदोष विचारले, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच मान डोलावली. आमच्या मालकांनी असलं काही विचारलं नाही. मी डिप्लोमाची गुणपत्रिका मोठ्या ऐटीत पुढे केली. त्यांनी ती टेबलावर पालथी घातली, तिच्यावर दोन ताटल्या मांडल्या, एकीत मूठभर तीळ ओतले आणि माझ्या हातात एक बारीक टोकाचा चिमटा दिला.

"अहो, या ताटलीतले तीळ त्या ताटलीत. एका वेळी एक."

"सगळे?"

"घाई असली तर निम्मे."

मी शनिवार पेठेतून मोपेड हाणत कोथरूडला आले होते, पहिल्या वर्गात पास झाले होते आणि हे गृहस्थ मला तीळ निवडायला सांगत होते. रागानं मी चिमटा जरा जास्तच दाबला. चिमट्यातून एक तीळ उडाला तो थेट त्यांच्या चहात. त्यांनी तो दुसऱ्या चिमट्यानं अलगद काढला, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा वाचला. तुम्ही सोमवारपासून या. इंजिनिअर म्हणून या. टेबलावर बसायची तुमची लायकी नाही."

ते टेबल म्हणजेच कारखाना. बंगल्याचं गॅरेज आणि मागची खोली यांमधली भिंत पाडून त्यांनी तो केला होता. वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे, खाली आम्ही कामाला. तेव्हा गल्लोगल्ली एसटीडी बूथ होते आणि प्रत्येक बूथमध्ये काचेमागे लाल आकडे पळवणारी एक पेटी असायची. ते आकडे पळताना बघून लोक आईची तब्येत अर्धवट विचारून फोन ठेवायचे. ती पेटी आम्ही बनवायचो. लांब टेबलाभोवती चार बायका बसायच्या आणि हिरव्या बोर्डांवर चिमट्यानं एकेक भाग ठेवायच्या. त्यांच्यात थोरल्या सुमनताई. मूळच्या मुळशीकडच्या, राहायला सुतारदऱ्यात. आवाज असा, की त्यांनी टेबलावरून चहाची आठवण काढली की शेजारच्या बंगल्यातही आधण चढायचं.

मालक सगळ्यांना अहो म्हणायचे. सगळ्यांना म्हणजे अक्षरशः सगळ्यांना. सोल्डरिंगची गन तापायला वेळ लावू लागली की "अहो, तापताय की मी जाऊ?" काकूंचं मांजर टेबलावर चढलं की "अहो, उतरा, इथे नेमलेल्यांनीच बसायचं." अरेतुरे त्यांनी फक्त विजेसाठी राखून ठेवलं होतं. दिवे गेले की ते छताकडे बघून म्हणायचे, "गेलीस? जा."

कुणाची स्तुती करणं त्यांना मुळीच जमायचं नाही. एखादा अगदी चोख बोर्ड हातात आला की बराच वेळ उलटसुलट करून बघायचे आणि तक्रारीच्या सुरात म्हणायचे, "चूक सापडत नाही." एवढं ऐकलं की ती बाई दिवसभर खुशीत असायची. गिऱ्हाइकांच्या वाट्याला तेवढंही यायचं नाही. फोनवरचं त्यांचं संभाषण मी रोज ऐकायचे. "माल कधी मिळेल?" "तयार झाला की." "तयार कधी होईल?" "तुम्ही फोन ठेवलात की."

घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं ते भिंग त्यांनी जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकनं डोक्याला बांधलं होतं. कपाळावर चढवलं की आपण ते घातलंय हेच ते विसरायचे. तसेच बँकेत जायचे, तसेच भाजी आणायचे. एकदा कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात काकूंच्या मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला तसेच गेले. आहेर देताना सवयीनं भिंग डोळ्यावर आलं आणि नवरीच्या नव्याकोऱ्या मंगळसूत्राकडे रोखून बघत ते वधूपित्याला म्हणाले, "हा जोड कच्चा आहे. पावती ठेवलीय ना?" काकू त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी चिठ्ठ्या लिहून बोलत होत्या. जोड मात्र खरंच कच्चा निघाला, आणि त्याचा काकूंना जास्त राग आला.

टेबलावरून एखादा भाग खाली पडला की जे व्हायचं ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. ज्वारीच्या कणीएवढा तो भाग. पण मालकांची आरोळी उठायची, "पाय हलवू नका!" मग जो जिथे असेल तिथे दगड व्हायचा. मालक बॅटरी घेऊन जमिनीवर आडवे व्हायचे आणि गाल फरशीला टेकवून उजेड टाकायचे. एकदा असाच भाग पडला आणि नेमका तेव्हा पोस्टमन दारात आला. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक हवेत. "अहो, तसेच थांबा!" बिचारा तसाच थांबला. भाग सापडला तो त्याच्या हवेतल्या चपलेला चिकटलेला. त्या दिवसापासून पोस्टमन आमची पत्रं शेजारच्या बंगल्यात टाकू लागला.

तर असा हा माणूस मशीनच्या नादी कसा लागला, ते सांगते.

तसं मशीन त्यांनी आधीही एक केलं होतं, घरगुती. शोभेच्या माशांच्या टाकीत हवा सोडायचा पंप असतो, तो त्यांनी उलटा चालवला, म्हणजे तो हवा ओढू लागला. त्याला नळी, नळीच्या टोकाला सलाइनची सुई, आणि चालू-बंद करायला काकूंच्या शिलाई मशीनचं पायडल. सुई भागावर टेकवली की भाग सुईला चिकटायचा, बोर्डावर नेऊन पाय उचलला की सुटायचा. बायकांनी त्या यंत्राचं नाव जळू ठेवलं. सुमनताईंचा जळूवर असा हात बसला होता, की त्या गप्पा मारता मारता बोर्ड भरायच्या आणि गप्पाही अर्धवट सोडायच्या नाहीत. टाकीतले मासे मात्र काकूंनी शेजाऱ्यांना देऊन टाकले.

पण एसटीडी बूथ उघडायचे ते उघडून झाले होते. नव्या पेट्यांना मागणी राहिली नव्हती. तेव्हाच मुंबईच्या एका कंपनीकडून विचारणा आली. फोन वाजला की करणाऱ्याचा नंबर दाखवणारी छोटी डबी त्यांना हवी होती, आणि भरपूर हवी होती. मोबाइल त्या वेळी फक्त बिल्डरांकडे असायचे, त्यामुळे घरच्या फोनला ती डबी जोडायची लोकांना भारी हौस. मालकांना मुळात ती कल्पनाच पटली नव्हती. "कोण बोलतंय हे विचारायला तोंड असतं की माणसाला." पण टेबल रिकामं पडायला आलं होतं. आणि कंपनीची अट होती: एकही भाग हातानं ठेवायचा नाही, सगळे मशीननं. हाताला घाम असतो म्हणे.

म्हणजे पेच असा होता. ऑर्डर मिळाली नाही तर आम्हा सगळ्यांचंच काम जाणार होतं. मिळाली तर मशीन येणार, आणि मग टेबलावरच्या चौघींना कोण ठेवणार? हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मालकांना कळतंय की नाही, ते मात्र कळत नव्हतं.

बंगळूरच्या एका कारखान्यानं मोठं मशीन घेतलं होतं आणि आपलं जुनं लहान मशीन विकायला काढलं होतं. मालक काकूंच्या हातच्या दशम्या बांधून घेऊन ते बघायला गेले, मला बरोबर नेलं. तिथले मॅनेजर मोठ्या उत्साहानं सगळं दाखवत होते. मालक हाताची घडी घालून उभे. शेवटी त्यांनी विचारलं, "इथली नोकरी का सोडताहेत?"

"कोण, सर?"

"हे," मालक मशीनकडे बोट दाखवून म्हणाले. "काही भांडण वगैरे? आजारी किती वेळा पडतात? रविवारी बोलावलं तर येतील?"

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

मशीन पुण्यात आलं ते जूनमध्ये. फाटकातून मावेना, म्हणून फाटक काढलं. मोठ्या कपाटाएवढं धूड, वर काचेचं झाकण, आत सुयांची मान इकडून तिकडे पळणार. त्याला थंड हवा लागते म्हणून खोलीला एसी बसला. चार उन्हाळे बायकांनी पंख्याच्या रेग्युलेटरसाठी अर्ज केले होते, ते नामंजूर झाले होते. याला आल्या दिवशी एसी! त्याला दाबाची हवा हवी म्हणून बाहेर कॉम्प्रेसर, त्याला वीज कमी-जास्त चालत नाही म्हणून वेगळी वायर, त्याच्या अंगावर धूळ नको म्हणून त्या खोलीत चपला बंद. सुमनताईंनी हे सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "जावईच आला म्हणायचा." तेव्हापासून सगळे त्याला जावईच म्हणू लागले.

मशीन बसवून द्यायला बंगळूरहून एक तरुण इंजिनिअर आला होता. त्यानं सगळं जोडलं, बटण दाबलं, दिवे लागले. सुमनताई हात पुसत पुढे आल्या. त्यांनी सरळच विचारलं.

"साहेब, आता हे आलं. आमी काय करायचं?"

मालक म्हणाले, "आधी त्यांना पास तर होऊ द्या." आणि जिना चढून वर गेले. खाली आले ते काकूंचा तिळाचा डबा घेऊन.

बंगळूरचा मुलगा घाबरला. "सर, सीड्स? नो सर, प्लीज सर."

"आमच्याकडे सगळ्यांची होते," मालक म्हणाले. "या बायकांची झाली, या इंजिनिअरबाईंची झाली. त्या नापास झाल्या, पण झाली. यांची घेतली नाही तर उद्या म्हणाल, पक्षपात केला."

रिळावर गुंडाळून न येणारे सुटे भाग पुढे सरकवायला मशीनला एक थरथरणारी पन्हळ होती. मालकांनी तिच्यात तीळ ओतले. त्या मुलानं डोळे मिटले, बहुतेक आपल्या वरिष्ठांना आठवलं असावं, आणि मशीन सुरू केलं. पन्हळ थरथरू लागली, तीळ एकामागून एक शहाण्यासारखे पुढे आले. सुई खाली झुकली, तीळ उचलला, गिरकी घेऊन बोर्डावर चिकटपट्टी लावली होती तिच्यावर ठेवला. पुन्हा तीळ. पुन्हा. आमच्या डोळ्यांदेखत तिळांची सरळ रांग लागली, मग तिच्याखाली दुसरी. देखणं काम होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. टाळ्या मी वाजवल्या, त्या मुलानं वाजवल्या. चौघींपैकी कुणीच वाजवल्या नाहीत.

मालकांनी भिंग ओढलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चूक सापडत नाही."

सुमनताईंनी आपला चिमटा पुसला, डबीत ठेवला, डबी पिशवीत टाकली आणि पाच वाजता सगळ्यांबरोबर निघाल्या. डबी त्या कधी घरी न्यायच्या नाहीत. मला मालकांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्या बाईनं तुमच्या पेट्या भरल्या, तिच्यासमोर लोखंडाच्या कपाटाला तेच सर्टिफिकेट द्यायचं? पण मी नोकरीला नवी नसले तरी धीट नव्हते. मनातल्या मनात चरफडत मोपेडला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सुमनताई आल्या नाहीत. त्यांनी आजवर न सांगता खाडा केलेला नव्हता. बाकीच्या तिघी टेबलाशी मांडीवर हात ठेवून बसलेल्या. त्याच दिवशी चार वाजता मुंबईचे साहेब नमुन्याचे बोर्ड तपासायला येणार होते, त्यावर ऑर्डर ठरणार होती. मालकांनी तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पिशवीभर सुटे कपॅसिटर, म्हणजे बोर्डावर बसायचे बारीक भाग, आणले होते, ते पन्हळीत ओतले. बंगळूरचा मुलगा सकाळच्या गाडीनं परत गेला होता. जावई कामाला लागला. सुई झुकत होती, गिरक्या घेत होती, भरलेले बोर्ड ओव्हनच्या पट्ट्यावरून आत जात होते. ओव्हनच्या उष्णतेनं भाग बोर्डाला कायमचे चिकटतात. मालक पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालत होते. अपशकुन नको म्हणून मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

आणि वास आला. आधी वाटलं भास आहे. मग बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खमंग, अगदी संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा वास, आणि तो ओव्हनमधून येत होता. तेवढ्यात वरून काकूंचा आवाज, "अहो, खाली तीळ कोण भाजतंय? आणि माझा डबा कुठाय?"

मालकांनी ओव्हनमधून गरम बोर्ड उचलला, बोटं भाजली तरी सोडला नाही. भिंग ओढलं. मग म्हणाले, "अहो इंजिनिअर, इकडे या."

मी पाहिलं. कपॅसिटर तिळाएवढाच असतो, रंगानंही तसाच, बिस्किटासारखा. त्यांच्या ओळीत, अगदी नेमक्या जागी, एक तीळ बसला होता. छान भाजला गेलेला. पन्हळीच्या कडेखाली काही तीळ मागे राहिले होते, ते थरथरत थरथरत पुढे आले आणि कपॅसिटरांच्या रांगेत उभे राहिले. मशीननं कुणाला तू कोण म्हणून विचारलं नाही. किती बोर्डांवर किती तीळ, देव जाणे. दुपार झाली होती आणि चार वाजता मुंबईचे साहेब.

मालक स्टुलावर बसले. कारखान्याच्या वेळेत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, संपलं. ते म्हणाले, "स्कूटर काढतो. तुम्ही मागे बसा. तुम्हाला सुमनताईंचं सुतारदऱ्यातलं घर माहीत आहे."

सुतारदऱ्याचा चढ त्या स्कूटरला झेपेना. शेवटच्या टप्प्याला मी उतरून ती मागून ढकलली. सुमनताई दारातच होत्या, पदर खोचून, नवी चप्पल पायात. एका केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटायला माणसं हवी होती, तिकडे विचारायला निघाल्या होत्या. मालकांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ बोर्ड पुढे केला.

"हे बघा तुमच्या जावयानं काय केलंय."

सुमनताईंनी बोर्ड डोळ्यांजवळ नेला. "साहेब, ह्यो तीळ हाय."

"तीळ मला कळतो."

सुमनताईंनी तो नाकाजवळ नेला. "भाजलेला हाय!" आणि त्या हसू आवरायला भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पर मशीन पास झालंय ना? मग माज्यासाठी कशापायी आला?"

आता हे काहीतरी वाकडं बोलणार, या भीतीनं मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं.

"मशीन पास झालं, पण पेपर माझा चुकला," ते म्हणाले. "मी फक्त उचलायला सांगितलं. तुम्ही आलात तेव्हा तिळात एक खडा होता. तुम्ही तो बाजूला काढून ठेवलात आणि मला म्हणालात, साहेब, निवडून आणत जा. तो खडा मी मुद्दाम टाकला नव्हता. तुम्ही काढलात म्हणून मला कळलं." त्यांनी बोर्ड परत हातात घेतला. "काल त्यांना खडा घालायला मी विसरलो. चला आता, चार वाजता तो माणूस येतोय."

सुमनताईंनी दार लोटलं, आतून चिमट्याची डबी आणली आणि स्कूटरवर बसल्या. मी चालत आले.

मी पोचले तेव्हा चौघी टेबलावर बसल्या होत्या. कपॅसिटर आणि तीळ नुसत्या नजरेनं ओळखताना डोळे फुटायची वेळ. सुमनताईंनी सोपी युक्ती काढली होती, बोर्ड उचलायचा आणि नाकाला लावायचा. वास आला की बोर्ड डावीकडे, मग त्याच्यातला तीळ शोधायचा, काढायचा, जळूनं कपॅसिटर ठेवायचा. काम झपाट्यानं चाललं होतं, पण संपलं नव्हतं. आणि मुंबईचे साहेब आले, टाय लावून, चारला पाच कमी असताना. दारातच थबकले. समोर चार बायका रांगेनं बसून बोर्डांचा वास घेत होत्या.

"हे काय चाललंय?"

मी पुढे झाले. "फायनल इन्स्पेक्शन, सर. आमची खास प्रोसेस आहे..."

"तीळ शोधताहेत," मालक म्हणाले.

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मालकांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. मुलाखत, पन्हळ, ओव्हन, काकूंचा डबा, काही म्हणून गाळलं नाही. मी खुणा करकरून दमले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"पण आमची अट स्पष्ट आहे. बोर्डाला हात लागता कामा नये."

"आजचा दिवस लागला. उद्यापासून नाही लागणार, नाक लागेल."

"अहो, यासाठी लोक कॅमेरा वापरतात. कॅमेरा प्रत्येक बोर्ड बघतो."

"बघत असेल," मालक म्हणाले. "त्याला वास येतो का?"

तेवढ्यात काकू उरलेल्या तिळाच्या वड्या आणि चहा घेऊन खाली आल्या. जूनमध्ये तिळाची वडी! साहेबांनी एक उचलली, खाल्ली, दुसरी उचलली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला सांगू नका. आमच्या दुसऱ्या एका ठिकाणाहून माल येतो, कॅमेऱ्यानं तपासलेला. त्यात एका बोर्डावर मुंगी सोल्डर झालेली निघाली. कॅमेऱ्यानं तिला पास केलं होतं."

"पाय किती होते?" मालकांनी विचारलं. "भागांना पाय मोजून घ्यावे लागतात."

साहेब हसू लागले ते ठसका लागेपर्यंत. जाताना ऑर्डर देऊन गेले, आणि स्वतःच्या तोंडानं सांगून गेले की भाग मशीन ठेवील, पण त्यानंतर प्रत्येक बोर्ड या चौघींच्या हाताखालून, म्हणजे नाकाखालून गेला पाहिजे.

त्या डब्या पुढे काही वर्षं चालल्या. मग मोबाइल भाजीवाल्याकडेही आले आणि नंबर दाखवणारी वेगळी डबी कुणाला लागेना. तोवर मालकांनी दुसरी कामं धरली होती. मी हिंजवडीला एका कंपनीत गेले, तिथेही मला पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता असं विचारलं. जावई म्हातारा होऊन गेला, त्याच्यानंतर आलेल्यांच्याही मुलाखती झाल्या, आणि दर वेळी तिळात खडा होता. मालक अजून आहेत. कमी ऐकू येतं, त्यामुळे आता गिऱ्हाइकांना पूर्वीपेक्षा प्रेमळ वाटतात. मला त्या माणसाचा खूप राग यायचा आणि त्याच्याइतकी माया मला दुसऱ्या कुठल्याही वरिष्ठाबद्दल वाटली नाही, आणि याचं कारण मुंबईचे साहेब गेल्यानंतरची ती पाच मिनिटं आहेत.

साहेबांची गाडी वळली. तिघी टेबलाशी बसल्या. सुमनताई उभ्याच राहिल्या, हातात डबी तशीच.

"साहेब, मग आमी राहिलो म्हणायचं का?"

"गेला कधी होतात?" मालकांनी विचारलं.

"सकाळच्याला नव्हते आले की."

"ती अर्धा दिवस रजा. अर्ज द्या."

"अर्जात कारण काय लिवू?"

"काय होतं कारण?"

सुमनताईंनी काचेआडच्या मशीनकडे पाहिलं. "मशीन पास झालं."

"ते कारण आमच्याकडे चालत नाही," मालक म्हणाले. "आज नाही आणि पुढेही नाही. पोट दुखत होतं असं लिहा."

सुमनताई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसायला लागल्या. त्यांचं ते हसणं, दोन्ही हात टेबलावर आपटत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, थांबायचं नाव नाही. वरून काकूंनी घाबरून विचारलं, "अहो, काय झालं हो सुमनताईंना?"

"काही नाही," मालकांनी जिन्याकडे तोंड करून सांगितलं. "पोट दुखतंय त्यांचं."